कपाट जिन्यात अडकलं तेव्हा

रंजितानं आमच्याच घराचे फोटो मोबाइलवर आम्हाला दाखवले आणि विचारलं, "वैनी, हे घर हाय का गोडाऊन?"

मला राग आला. राग मला लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. पण फोटो नीट बघितले आणि माझी बोलती बंद झाली. हे फोटो माझ्या नवऱ्यानं, शिवतेजनं, रविवारी जेवण झाल्यावर ढेकर देत देत काढले होते. हॉलच्या फोटोत लोखंडी कपाट, कपाटावर आमच्या गावच्या मंडळाचे दोन मोठे टोप, टोपांत कोंबलेली जाजमं, शेजारी गावाहून आलेलं तांदळाचं पोतं, शिलाई मशीन, दोरीवर वाळत घातलेले माझे गाऊन, आणि खालच्या कोपऱ्यात सासऱ्यांचा पाय. नुसता पाय, बाकी माणूस नाही. हे फोटो बघून एका गिऱ्हाइकानं रंजिताला फोन करून विचारलं होतं की घरात लग्न आहे का, असेल तर नंतर येतो. तो नंतरही आला नाही. दुसरं कुणीच आलं नाही.

रंजिता ही आमची एजंट, इथल्याच तळवली गावची. आमची बिल्डिंग जिथं उभी आहे तिथं आपल्या आज्याचं भाताचं शेत होतं असं ती सांगते. घणसोलीतल्या निम्म्याअधिक बिल्डिंगांबद्दल ती हेच सांगते, पण बाई कामाला चोख आहे.

"फोटोवाला पाठवते मी, सुगत नावाचा," ती म्हणाली. "घरांचेच फोटो काढतो तो. कॅमेरा गोल फिरवून सगलं घर दाखवतो. लोकं हल्ली पयला मोबाइलवर घर बगतात, मग जिना चढतात. आनि तुमचा तर चौथा माला, लिफ्ट नाय. फोटो बघून जीव आला पायजे, तरच कोन चढेल."

चौथा माळा आणि लिफ्ट नाही, याच कारणानं तर आम्ही घर विकायला काढलं होतं.

सासऱ्यांचं नाव भैरू. आमच्या सातारा भागातल्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. मामा माथाडी कामगार. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात उभा जन्म त्यांनी पाठीवरून पोती वाहिली, आणि पुढं पुढं ते त्यांच्या टोळीचे मुकादम होते. हे घरही माथाडींच्या वसाहतीतलं, त्यांच्या घामाचं. घर मिळालं तेव्हा चौथा माळा म्हणजे हवा चांगली, असं वाटलं होतं. चार मजल्यांचं ज्याला काही वाटत नव्हतं असा माणूस होता तो. मग गुडघे गेले. दोन्ही गेले. ऑपरेशन करायचं तर हृदयाचं दुखणं आडवं आलं, डॉक्टर नको म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी त्यांना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा बिल्डिंगमधल्या पोरांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर चढवलं. पोरं चांगली, पण वाटेत दमली, हसली, एकानं "काका वजनदार आहेत" म्हणून थट्टा केली. मामा वर आल्यावर आत्यांना म्हणाले, "परत न्हाई. ह्या पाठीवर मार्केट गेलं. मी कुणाच्या पाठीवर न्हाई जायाचा."

आणि खरंच परत नाही. दोन वर्षं मामा खाली उतरले नव्हते. न्हावी वर यायचा, डॉक्टर वर यायचे, मतदान बुडालं, सख्ख्या पुतणीचं लग्न बुडालं. खिडकीच्या ग्रिलला धरून ते रस्ता बघत बसायचे. भाजीवाल्यानं टेम्पो तिरका लावला तर वरूनच पुटपुटायचे. आवाज खाली पोचायचा नाही. ते बघून मला गलबलून यायचं, आणि गलबलून आलं की मी कुणावर तरी ओरडायचे. बहुतेक शिवतेजवर.

शेजारच्याच सेक्टरमध्ये तळमजल्यावर एक घर मिळत होतं. पुढं छोटी ओसरी, समोर बदामाचं झाड, झाडाखाली चहाची टपरी. मालक भला माणूस, दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला होता. त्याच्या आत आमचं घर विकलं गेलं तर ते आमचं, नाहीतर दुसऱ्याचं. मामांना मी त्या ओसरीचा फोटो दाखवला तेव्हा त्यांनी तो किती वेळ हातात धरून ठेवला, ते मी बघितलं होतं.

पण एक गोम होतीच. "मामा, घर विकलं तरी एकदा उतरावं लागेलच ना?" मी विचारायचे.

"उतरीन की."

"कसे?"

"माझ्या पायानं."

भिंतीला धरल्याशिवाय बाथरूमला जाता येत नव्हतं आणि म्हणे माझ्या पायानं. या जागी आमचं बोलणं दर वेळी थांबायचं.

तर सुगत यायचा दिवस ठरला आणि रंजितानं हुकूम सोडला. हॉलमधलं सगळं खाली. कपाट, मशीन, पोतं, टोप, जाजमं, जुना पलंग. खिडक्या मोकळ्या, पडदे धुतलेले, फ्रिजवरचे स्टिकर काढा, कॅलेंडर काढा, बादल्या-मग लपवा, सिलिंडर दिसता कामा नये. देव राहू देत, पण सुकलेले हार काढा. तळाला सोसायटीचं ऑफिस होतं, सेक्रेटरींनी ते एका सकाळपुरतं सामान ठेवायला दिलं.

शिवतेज म्हणाला, "टेम्पोवाल्याकडे माणसं असतात, दोघं बोलावतो."

आत्या भाकरी थापत होत्या. त्यांचा हात तिथंच थांबला. "हमालाच्या घरात हमाल भाड्यानं आनायचं? लोक शेण घालतील तोंडात." मग त्यांनी हात धुतले, फोन घेतला आणि स्वयंपाकघराचं दार लोटून बराच वेळ कुणाशी तरी बोलत बसल्या. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कमळाकर भावजी येत्यात. टोळी घिऊन."

मी कपाळावर हात मारला. कमळाकरकाका म्हणजे मामांच्या टोळीतला सगळ्यात जुना माणूस, आता सत्तरीला टेकलेला. टोळीतले बाकीचेही रिटायर झालेले. कुणाची कंबर, कुणाचा मणका, एकाला मोतीबिंदू. त्यातल्या त्यात सदूकाका धडधाकट, कारण ते टोळीत सगळ्यात शेवटी आले आणि अजून साठीच्या अलीकडे आहेत. हे लोक आमचं कपाट उतरवणार, आणि मग त्यांना दवाखान्यात न्यायला अजून एक टेम्पो लागणार, असं मी म्हटलं. आत्यांनी माझ्याकडे न बघता भाकरी उलटली.

त्या दिवशी सकाळी टोळी आली. डोक्यावर टोप्या, खांद्यावर टॉवेल, अंगात इस्त्रीचे पांढरे सदरे. सामान हलवायला आलेत की साखरपुड्याला, कळेना. मामा खुर्चीत ताठ बसले. एकेक जण आत आला, मामांच्या पायाशी वाकायला गेला आणि मामांनी प्रत्येकाला वाकण्याआधीच शिवी दिली. ते त्यांचं स्वागत. मग चहा झाला. चहावर मार्केटातल्या मालाच्या गाड्यांच्या जुन्या गोष्टी झाल्या. मी घड्याळाकडे बघत दात-ओठ खात होते, तरी खरं सांगते, मामांना इतकं मोठ्यानं हसताना मी लग्न होऊन आल्यापासून दोनदा-तीनदाच ऐकलं असेल.

सुगत आला. हसरा माणूस, एका हातात तीन पायांचं स्टँड, दुसऱ्या हातात बॅग. त्यानं घरभर फिरून बघितलं, ट्यूबलाइट बंद केल्या, परत लावल्या, आणि म्हणाला, "कॅमेरा मध्ये उभा करून गोल फिरवणार. सगळी दारं उघडी राहतील, बाहेरचा पॅसेजसुद्धा दिसेल. त्यामुळे माणूस कुणीच नको. मी पण दाराआड उभा राहतो."

सगळ्यांच्या नजरा मामांकडे गेल्या.

मामा म्हणाले, "मी भायेर जिन्याच्या तोंडाला बसतो. खुर्ची ठिवा." शिवतेज आणि सदूकाकांनी त्यांना काखेत आधार दिला आणि दाराबाहेर, जिन्याच्या तोंडाशी खुर्चीत नेऊन बसवलं. तेवढं त्यांनी करू दिलं, कारण त्यात पाय जमिनीला होते.

मग सामान निघालं. आणि मी वेड्यासारखी बघत राहिले. त्या म्हाताऱ्यांनी जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक माणूस उभा केला, कुणी पायरीवर बसूनच, आणि वस्तू हातोहात खाली जायला लागली. टोप गेले, जाजमं गेली, पोतं गेलं, मशीन गेली. कुणी घाई करत नव्हतं, कुणी दमत नव्हतं. आवाजसुद्धा होत नव्हता, नुसतं "घे", "हां", "घे", "हां." माझ्या मनातली सगळी बडबड मी गिळली.

शेवटी कपाट राहिलं. आमचं लोखंडी कपाट जुनं, जाड पत्र्याचं. ते चौथ्या माळ्यावरून सुटलं आणि पहिल्याच वळणावर अडकलं.

"काय झालं रं?" मामा वरून ओरडले.

"अडाकलं, मुकादम," खालून कमळाकरकाकांचा आवाज.

"उभं कर."

"उभंच हाय."

"मग आडवं कर, लेका!"

"आडवं व्हईना. तुमाला तिथनं दिसत न्हाई. कळंनाच काय करावं."

मामांच्या कपाळाची शीर उडायला लागली. दोन-तीनदा त्यांनी वरून सांगून बघितलं. खालून दर वेळी कपाट भिंतीला घासल्याचा कर्कश आवाज आला आणि "न्हाई जमत" आलं. मामांना ते सहन होईना. ज्या माणसानं जन्मभर पोत्यांची थप्पी लावली त्याच्या कानाला तो आवाज कसा लागला असेल, मी समजू शकते. त्यांनी खुर्चीचे हात धरले, अंग सैल सोडलं आणि सरळ पायरीवर बसले. मग पाय पुढं पसरून, तळहात टेकून, एकेक पायरी बसत बसत खाली सरकायला लागले. तोंडानं शिव्या चालू.

"अहो, मामा!" मी धावले.

आत्यांनी माझा दंड धरला. जोरात धरला. "जाऊ दे," त्या म्हणाल्या.

वळणावर पोचून मामांनी भिंतीला पाठ लावली आणि हातवारे करून सांगितलं. "वरचं टोक भिताडाकडं. आता तळ उचल. आता फिरव." कपाट लोण्यातून सुरी जावी तसं फिरलं. "हे सांगायला मला यायला लागतंय व्हय रं?" मामा म्हणाले.

"वय झालं, मुकादम," कमळाकरकाका मान खाली घालून म्हणाले.

तिसऱ्या माळ्याच्या वळणावर कपाट परत अडकलं.

आता मात्र माझा पारा चढला. वर सुगत थांबला होता, ऊन सरकत होतं, रंजिताचे फोनवर फोन येत होते. मी तरातरा खाली गेले, आता यांना चार शब्द सुनवावेत म्हणून. मामा अजून वरच्या पायऱ्यांवर सरकत होते. मी कपाटाच्या कडेनं पलीकडे गेले. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी कपाटाच्या कडेनं पलीकडे गेले. म्हणजे मी, चांगली भरलेल्या अंगाची बाई, कपाट आणि भिंतीच्या मधून आरामात गेले. कपाट कुठंच अडकलं नव्हतं. सदूकाका ते नुसतं धरून उभे होते आणि चपलेच्या टाचेनं पत्रा घासून आवाज काढत होते.

मी तोंड उघडलं. कमळाकरकाकांनी ओठांवर बोट ठेवलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "वयनीचं डोकं हाय. आमी नुसतं हुकमाचं ताबेदार."

वर बघितलं तर आत्या कठड्यावरून खाली वाकून बघत होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. जन्मात एवढ्या साळसूद चेहऱ्याची बाई मी पाहिली नाही. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि मी ते लपवायला मोठ्यानं ओरडले, "काय हो काका, एवढं साधं कपाट उतरवता येत नाही तुम्हाला?"

"न्हाई बग, पोरी," ते म्हणाले. "मुकादमाशिवाय न्हाई जमत."

मामा आले. त्यांनी सांगितलं. कपाट फिरलं. दुसऱ्या माळ्यावर अडकलं. पहिल्यावर तर असं अडकलं की मामांनी स्वतः हात घालून ते फिरवलं आणि टोळीला सांगितलं की तुमच्यापेक्षा गाढवं बरी. असं करत करत कपाट सोसायटीच्या ऑफिसात गेलं, आणि मामा शेवटच्या पायरीवर बसले होते. समोर गेट होतं. गेटाबाहेर रस्ता.

त्यांनी आजूबाजूला बघितलं. कुठं आलो ते त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी हात पुढं करून अंगणातल्या फरशीला तळवा लावला. ऊन लागलेली फरशी होती, गरम असणार. हात त्यांनी काढला नाही.

"लबाड हायत सगळी," ते म्हणाले. बस्स, एवढंच.

टोळी गुन्ह्यात पकडलेल्या पोरांसारखी उभी होती. मग सदूकाकांनी त्यांना आधार देऊन गेटाजवळच्या बाकावर नेलं. पाय जमिनीवरच होते. भाजीवाल्यानं त्यांना ओळखलं आणि एक काकडी आणून दिली. मामांनी ती खायच्या आधी त्याला टेम्पो कसा लावायचा ते सांगितलं. दोन वर्षांचं साठलेलं होतं सगळं.

तोवर वर सुगतचं काम झालं होतं. तो खाली आला आणि त्यानं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो दाखवले. स्वच्छ फरशी, त्यावर खिडकीतलं ऊन, देव्हारा, मोकळ्या भिंती. मीच बघत राहिले. मामांनी चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाले, "एवढी जागा व्हती? ह्यात तर अजून एक टोळी झोपली असती." गावचा कुणीही पोरगा कामाला मुंबईत आला की पहिले सहा महिने आमच्या हॉलमध्ये झोपायचा, त्याची ती आठवण. टोळीतले निम्मे लोक तिथंच झोपून गेले होते. मंडळी पडद्याभोवती गोळा झाली आणि कोण कुठं अंथरूण टाकायचा यावर भांडायला लागली. सुगत माझ्याकडे बघून म्हणाला, "माणसं नसलेल्या घराच्या फोटोला एवढी माणसं मी पहिल्यांदा बघतोय."

घराचं पुढं काय झालं तेही सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. ते फोटो रंजितानं टाकले आणि ऐरोलीच्या कंपनीत काम करणारं एक नवराबायकोचं जोडपं चार जिने चढून आलं. तरुण होती दोघं, त्यांना दम लागला नाही. दिवाळीच्या आत व्यवहार झाला. मी हे लिहितेय ते तळमजल्याच्या ओसरीत बसून.

पण त्या दिवशी दुपारी हे काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी सामान परत वर गेलं, तसंच हातोहात. कपाट कुठंही न अडकता वर गेलं, हे सांगायला नकोच. आणि मग बाकावर मामा उरले.

बसत बसत खाली येता येतं. बसत बसत वर जाता येत नाही. मामांच्या हातांत आता तेवढं बळ नव्हतं, तळवे सोलवटले होते. कमळाकरकाकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "वयनी," ते आत्यांना म्हणाले, "चढवायचं काय ठरलं व्हतं?"

आत्या खाली आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुमी ठरवलं असंल."

"आमाला वाटलं तुमी."

असे ते एकमेकांकडे बघत राहिले. सदूकाका म्हणाले, "मार्केटात गाडी खाली झाली की आपलं काम संपलं. परत भरायची सवयच न्हाई." कुणाला हसू आलं नाही. सगळ्यांना माहीत होतं की मामांचा शब्द काय आहे. खुर्चीचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. शिवतेजनं तोंड उघडलं आणि मी त्याच्या पायावर पाय दिला.

मामा बिल्डिंगकडे वर बघत होते. चौथ्या माळ्यावरची आमची खिडकी बघत होते, जिथून ते इकडं बघत असत.

कमळाकरकाका बाकावर त्यांच्या शेजारी बसले. "भैरू," ते म्हणाले. मुकादम म्हणाले नाहीत. "मला कावीळ झाली ती साल आठवती?"

"आता ते कशाला?"

"मी रोज टोळीत येऊन बसायचो. उभं ऱ्हायाचं बळ नव्हतं. माझ्या वाटची पोती कोन उचलायचं?"

"टोळी उचलायची."

"टोळी न्हाई. तू उचलायचास. तुझी झाली की माझी. कुनाला बोलून दावलं न्हाईस, मला बी न्हाई. मला सदूनं सांगितलं, लई वर्सांनी." काका थांबले. हातातली टोपी त्यांनी मांडीवर ठेवली. "मी तवा लाजलो न्हवतो, भैरू. मला वाटलं, टोळी हाय. टोळीत कुनाचं कुनाला वज्जं नसतं, हे तूच आमाला शिकवलंस. मग आज आमची टोळी न्हाई व्हय?"

आत्यांनी पदर तोंडाला लावला. मी तर उघड उघड रडत होते, आणि सुगत निघून जायचा तो बॅग खांद्याला लावून तसाच उभा होता.

मग मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. मांडीवर पसरला, दुमडला, परत दुमडला, हातानं दाबून दाबून त्याची जाड घडी केली. पाठीवर पोतं घेण्याआधी हमाल अशी घडी पाठीला लावतो, म्हणजे माल रुतत नाही. ती घडी त्यांनी सदूकाकांकडे धरली.

"सदा, हिकडं ये. वाक," ते म्हणाले. "पाठ आशी नको. कंबरेत वाक. हां." त्यांनी घडी सदूकाकांच्या पाठीवर आपल्या हातानं बसवली, सरळ केली, आणि दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर टाकले. "उचल. दमानं. माल जुना हाय."

सदूकाकांनी त्यांना उचललं. एवढ्या हलक्या हातानं मी अजून कुणाला काही उचलताना बघितलं नाही.

जिन्यात मामाच हुकूम सोडत होते. पहिल्या माळ्यावर म्हणाले, "थांब. उतरव. आता कमळाकर." कमळाकरकाकांचं वय बघून मी मध्ये बोलले, तर म्हणाले, "त्यो अर्धाच जिना. त्याचा हक्क हाय." एकानं अर्धा जिना, दुसऱ्यानं एक, कुणाची कंबर कशी, कुणाचा मणका कुठला, हे सगळं त्यांना पाठ होतं, आणि त्या हिशेबानं त्यांनी स्वतःला वाटून दिलं. कुणावर जास्त नाही, कुणाला कमी नाही. दर वेळी टॉवेलची घडी नव्या पाठीवर स्वतः लावायचे.

तिसऱ्या माळ्यावर आले तेव्हा टोळी संपली होती. मामांनी मागं वळून बघितलं.

"शिवतेज," ते म्हणाले. "शेवटचा जिना तू."

शिवतेजला त्यांनी जन्मात कधी मार्केटात येऊ दिलं नव्हतं. लहानपणी हौसेनं कांद्याची पिशवी खांद्यावर घेतली म्हणून त्याच्या मुस्काटात मारली होती. पोरानं ओझं उचलायचं नाही, पोरानं शिकायचं, एवढं एकच त्यांचं म्हणणं. शिवतेज पुढं आला. त्याला कसं वाकायचं ते माहीत नव्हतं. मामांनी त्याच्या कमरेला हात लावून त्याला वाकवलं, घडी लावली, जरा खाली सरकवली, परत वर घेतली, आणि त्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

"घाई करू नको," ते त्याच्या कानाशी म्हणाले. "पाय टेकला की मग दुसरा."

शिवतेज चढायला लागला. त्याची मान लाल झाली होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, पुसायला हात मोकळे नव्हते. मी मागं मागं चढत होते. देवाचे आभार मानावेत की या म्हाताऱ्यांचे, मला कळत नव्हतं. मी दोघांचेही मानले. आत्यांचे तर मी अजून रोज मानते, फक्त तोंडावर सांगत नाही, लगेच डोक्यावर बसतील.

आत्या आमच्या आधीच वर पोचल्या होत्या. दारात आलो तर त्या उंबऱ्यात आडव्या उभ्या. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा.

"थांबा," त्या म्हणाल्या. "दारातच थांबा. ओवाळून टाकायचाय."

"आई, लवकर!" शिवतेज ओझ्याखालून कण्हला. "जड आहेत ते."

"थांबावं लागंल," आत्या म्हणाल्या. "दोन वर्सांनी भायेरनं आलेत ते."

मामांनी शिवतेजच्या पाठीवरूनच मान पुढं केली आणि ओवाळून घेतलं.